गाव सोडा, गोळ्या सोडू नका

दिवाळी सरली की मराठवाड्यातून ऊसतोडीचे फड भरू लागतात. कुणी वीटभट्टीवर जातं, कुणी पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर. यांपैकी ज्या बंधुभगिनींची एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, चालू आहे, त्यांना कळकळीची विनंती: निघण्याआधी एआरटी सेंटरला जाऊन या. कुठे जाणार, किती महिने राहणार, हे समुपदेशकांना सांगा. जास्त महिन्यांच्या गोळ्या किंवा तिथल्या जवळच्या सेंटरमध्ये बदली, यांतली काहीतरी सोय होऊ शकते.

‘वजन वाढलंय, अंगात ताकद आलीय, मग रोज गोळी कशाला?’ असं अनेकांना वाटतं. ती ताकद गोळीनेच टिकवली आहे. रक्तातल्या सीडी४ पेशी या प्रतिकारशक्तीच्या मुकादम. जंतू शिरला की त्याच बाकीच्या पेशींना कामाला लावतात. एचआयव्ही नेमका त्यांच्यातच घुसतो आणि आपला आराखडा त्यांच्या डीएनएमध्ये मिसळून टाकतो. शरीर प्रतिपिंडं तयार करतं, पण विषाणू रूप बदलून निसटत राहतो. निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात साधारण ५०० ते १५०० सीडी४ पेशी असतात. त्या २००च्या खाली गेल्या की क्षयरोगासारखे आजार जिवावर बेततात.

गोळ्या विषाणूची वाढ रोखतात, म्हणून सीडी४ पुन्हा वाढतात. पण विषाणू घेऊन निपचित पडलेल्या काही पेशी वर्षानुवर्षं तग धरतात. त्यांच्यावर ना औषध चालतं, ना आपली प्रतिकारशक्ती त्यांना ओळखते. गोळी बंद झाली की बहुतेकांच्या रक्तात काही आठवड्यांतच विषाणू परत दिसू लागतो. अधूनमधून घेतली तर तो औषधालाच दाद देईनासा होऊ शकतो, हे तर अधिकच वाईट.

नियमित गोळ्यांनी व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) तपासणीत सापडणार नाही इतका खाली राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे सिद्ध करणाऱ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात पुण्यातली जोडपीही सहभागी होती.

मुकादम आणि ठेकेदारांनो, कुणी दवाखान्यासाठी खाडा मागितला तर कारण खोदू नका. २०१७च्या एचआयव्ही कायद्यानुसार संमतीशिवाय कुणाच्या एचआयव्हीची माहिती फोडता येत नाही, आणि तेवढ्यावरून कामावरून काढताही येत नाही.

गोळ्या आधीच सुटल्या असतील तर लाजू नका, सेंटरला परत जा. उपचार पुन्हा सुरू करता येतात आणि सरकारी केंद्रात ते मोफत आहेत. परक्या गावात सेंटर सापडत नसेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर विचारा.