लांडग्याचा न्हावी

"जंगलात लांडग्यांची नखं कोण कापतं हो?" असं विचारणाऱ्या मंडळींशी माझं उभं वैर आहे. अहो, लांडगा रोज मैलोगणती दगडधोंड्यांतून हिंडतो, त्याची नखं आपोआप झिजतात. आमचा मोत्या सोफ्यावरून उठून ताटलीपर्यंत जातो! फरशीवर टकटक वाजू लागली की नखं वाढली, हे समजावं. त्यात पुढच्या पायांचं ते वरचं अंगठ्याचं नख जमिनीला टेकतच नाही. गोल वळत वळत मांसात घुसतं. ह्याला निसर्ग म्हणायचं होय?

दुसरे वीर स्वतःचंच नेलकटर घेऊन धावतात. त्यानं नख कापलं जात नाही, चिरडतं. कुत्र्यांची कात्री वेगळी मिळते, ती आणा. पांढऱ्या नखात आतली गुलाबी शीर दिसते, तिच्या अलीकडेच थांबायचं. काळ्या नखात सगळाच अंधार; तिथं मिलिमीटरभर, पुन्हा मिलिमीटरभर. कापल्या जागी मधोमध गडद ठिपका दिसला की कात्री खाली. रक्त आलंच तर कॉर्नफ्लोअर दाबून धरावं. आणि १८ नखं एकाच बैठकीत उरकायची शपथ कुणी घातलीय? आज दोन, उद्या दोन, मधे बिस्किटाची लाच. कचेरीत चालते, इथंही चालते.