नथनेलची शंका आणि आपली

गेल्या नाताळच्या आठवड्यात आमच्या धर्मग्रामातील एक सद्गृहस्थ सायंकाळच्या मिस्सानंतर आम्हांला भेटावयास आले. मुद्रा चिंताक्रांत होती. त्यांची कन्या अमेरिकेतील एका महाविद्यालयात संगणकशास्त्राचे शिक्षण घेत आहे. त्यासाठी त्यांनी वाडवडिलांच्या जमिनीचा एक तुकडा विकला. तेथे पदवीसाठी मुख्य विषयाच्या जोडीला समाजशास्त्रासारखा एखादा विषयही घ्यावा लागतो. मुलीने वंश आणि वंशाविषयीचे रूढ समज हा विषय निवडला. सुट्टीत ती घरी आली. नाताळच्या जेवणाच्या वेळी तिच्या काकांनी अमेरिकेतील काळ्या लोकांविषयी एक नेहमीचा विनोद केला. सगळे हसले. "काका, दोन वर्षांपूर्वी मीही हेच बोलले असते. आता मला ते ऐकवत नाही," एवढे म्हणून ती पानावरून उठली.

"फादर, आम्ही तिला कॉम्प्युटर शिकायला पाठवले, घरच्यांची परीक्षा घ्यायला नव्हे," ते गृहस्थ म्हणाले. "असले विषय सोड, असे तुम्ही तिला सांगा. तुमचे ती ऐकेल."

आम्ही तिला तसे सांगितले नाही. का सांगितले नाही, ते येथे लिहीत आहोत. कारण ही तक्रार आता एका घरापुरती राहिलेली नाही. ज्यांची मुले परदेशी शिकतात अशा अनेक पालकांच्या तोंडून ती आम्ही ऐकतो. हा परक्या देशाचा प्रश्न आहे, आपला त्याच्याशी संबंध काय? हा अभ्यास मुलांच्या मनात विनाकारण अपराधाची भावना भरतो. तो मुलांना घरापासून आणि धर्मापासून तोडतो. असे हे तीन आक्षेप आहेत, आणि तिन्ही आम्हांला अमान्य आहेत.

मुलीला आम्ही बोलावून घेतले आणि ती तेथे काय शिकली ते विचारले. पहिले काही आठवडे ती वर्गात पाहुण्यासारखी बसत असे. हे भांडण गोऱ्यांचे आणि काळ्यांचे आहे, आपण भारतीय, आपण केवळ प्रेक्षक, असे तिला वाटे. मग एके दिवशी केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याच्या प्रयोगांची माहिती वर्गात आली. १९४० च्या सुमारास त्यांनी कृष्णवर्णीय बालकांपुढे सारख्याच बाहुल्या ठेवल्या. फरक होता तो केवळ रंगाचा. यांतील चांगली बाहुली कोणती, वाईट कोणती, असे विचारल्यावर बहुसंख्य बालकांनी चांगली म्हणून गोरी बाहुली उचलली. तुझ्यासारखी दिसणारी कोणती, या प्रश्नाशी काही बालके रडू लागली. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधील वर्णभेद बेकायदा ठरविला, तेव्हा निकालपत्रात क्लार्क यांच्या कार्याचा दाखला दिला गेला. "फादर, त्या रात्री मला माझी बाहुली आठवली," मुलगी म्हणाली. "सोनेरी केसांची, निळ्या डोळ्यांची. आपल्या गावात तसे कोणीच दिसत नाही, पण मला कधी प्रश्नच पडला नव्हता."

वाचकहो, येथेच पहिल्या आक्षेपाची अर्धी वाट संपते. नवजात बालकाला पाहावयास आलेली आपली वडीलधारी माणसे आईच्या प्रकृतीआधी बाळाचा रंग विचारतात. विवाहाच्या जाहिरातींत 'गोरी' हा शब्द शिक्षणाच्याही आधी येतो. मग वर्णाचा प्रश्न परक्यांचा, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे?

उरलेली अर्धी वाट इतिहास दाखवितो. पंजाबात जन्मलेले भगतसिंग थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. त्या काळी तेथील नागरिकत्व कायद्याने परदेशांतून आलेल्या गोऱ्यांना आणि आफ्रिकन वंशीयांनाच खुले होते. थिंड यांच्या वतीने न्यायालयात असा युक्तिवाद झाला की, उत्तर भारतातील उच्चवर्णीय हिंदी मनुष्य हा आर्य वंशाचा, म्हणून गोराच मानला पाहिजे. १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने फेटाळला आणि त्यानंतर अनेक हिंदी लोकांचे आधी मिळालेले नागरिकत्वही काढून घेण्यात आले. या युक्तिवादाचे स्वरूप ध्यानात घ्यावे. वर्णाची ही शिडीच अन्यायाची आहे, असे त्यात कोठेही नव्हते. आमची पायरी वरची आहे, एवढेच म्हणणे होते. आपल्या जातीच्या अभिमानाची शिदोरी आपण सातासमुद्रापलीकडेही नेली, आणि तेथे ती उपयोगी पडली नाही.

१९४६ च्या कायद्याने भारतीयांसाठी दरसाल अवघ्या १०० जणांची मर्यादा ठरली. दार खऱ्या अर्थाने उघडले ते १९६५ च्या कायद्याने. त्याच्या आदल्या वर्षी नागरी हक्कांचा कायदा झाला होता आणि त्याच वर्षी मतदानाच्या हक्काचा. हे कायदे कृष्णवर्णीयांच्या मोर्चांतून, तुरुंगवासांतून आणि रक्तातून आले, आणि वंशावरून माणसाची प्रत लावण्याला जी लाज त्या देशात वाटू लागली तिच्याच लाटेत स्थलांतराचा जुना भेदही वाहून गेला. आज आपल्या मुलांच्या हातात जो व्हिसा पडतो, त्यामागे त्या लोकांनी खाल्लेल्या लाठ्याही आहेत. आणि आपण नाताळच्या जेवणात त्यांच्यावर विनोद करतो! याला कृतघ्नता म्हणावयाचे नाही, तर काय म्हणावयाचे?

आम्हां मराठी माणसांना तर परकेपणाची सबबच नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली, तेव्हा ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. पुण्यात बसून जोतीरावांना जो संबंध दिसला, तो दीडशे वर्षांनंतर विमानाने जाऊन-येऊन आपल्याला दिसू नये?

आता दुसरा आक्षेप. आपण न केलेल्या पापाचे ओझे मुलांनी का वाहावे? या प्रश्नाचे उत्तर आम्ही एका कॅथलिक संस्थेच्याच उदाहरणाने देऊ इच्छितो. वॉशिंग्टन येथील जॉर्जटाउन विद्यापीठ येशूसंघीयांचे. १८३८ साली येशूसंघाच्या मेरीलँड प्रांताने आपल्या मळ्यांवरील २७२ गुलाम स्त्री-पुरुष व मुले लुइझियानातील मळेवाल्यांना सुमारे १,१५,००० डॉलरना विकली. कुटुंबे तोडू नयेत, विकलेल्यांना धर्माचरणाची सोय असावी आणि पैसा कर्जफेडीत घालू नये, अशा अटी रोमहून संघाच्या प्रमुखांनी घातल्या होत्या. त्या पाळल्या गेल्या नाहीत. रकमेचा काही भाग महाविद्यालयाच्या कर्जात गेला. विकणारे धर्मगुरू होते. विकले गेलेले बाप्तिस्मा झालेले कॅथलिक होते.

ही माहिती कागदपत्रांत होती, अभ्यासकांना ठाऊक होती. २०१५ साली विद्यार्थ्यांनी अध्यक्षांच्या कार्यालयासमोर ठिय्या दिला, तेव्हा ती सर्वांच्या विवेकापुढे आली. २०१७ च्या एप्रिलमध्ये विद्यापीठात प्रायश्चित्ताची उपासना झाली. विकल्या गेलेल्यांचे वंशज समोर बसले होते आणि येशूसंघाच्या वतीने त्यांची उघडपणे क्षमा मागण्यात आली. विक्रीशी संबंधित धर्मगुरूंची नावे दोन इमारतींवरून काढून एकीला विक्रीच्या कागदावर पहिले नाव असलेल्या आयझॅक हॉकिन्स यांचे आणि दुसरीला कृष्णवर्णीय मुलींसाठी शाळा चालविणाऱ्या व पुढे धर्मभगिनी झालेल्या ॲन मेरी बेक्राफ्ट यांचे नाव देण्यात आले. २०१९ साली विद्यार्थ्यांनी, वंशजांच्या साहाय्यासाठी प्रत्येकाने दर सत्रास २७.२० डॉलर द्यावेत, या प्रस्तावाच्या बाजूने बहुमताने कौल दिला.

या विद्यार्थ्यांपैकी एकानेही कोणाला विकले नव्हते. तरीही त्यांनी हे केले, कारण ज्या वर्गात आपण शिकतो त्याच्या भिंतींना कोणाचा घाम लागला आहे, हे त्यांना कळले होते. अपराध आणि जबाबदारी यांतला हा भेद आपल्या धर्मशिक्षणात लहानपणीच शिकविला जातो. बापाचे कर्ज मुलाने फेडले, तर मुलगा चोर ठरत नाही. तो प्रामाणिक ठरतो. प्रायश्चित्त संस्कारापूर्वी आपण सदसद्विवेकबुद्धीची तपासणी करतो, ती स्वतःला छळण्यासाठी नव्हे, बरे होण्यासाठी. मुलगी महाविद्यालयात जे करीत आहे ते याहून वेगळे नाही. तिला जे टोचते आहे ते औषध आहे.

अमेरिकेतही या औषधाला विरोध करणारे आहेत, हे आम्हांला ठाऊक आहे. २०२३ च्या जानेवारीत फ्लोरिडा राज्याने आफ्रिकन-अमेरिकन अभ्यासाचा एक नवा पाठ्यक्रम आपल्या शाळांत नाकारला. मुलांना इतिहास न सांगितल्याने घरात शांती नांदेल, असा हा समज आहे. जखम झाकल्याने ती भरत नाही, चिघळते, हे आपल्या घरच्या आजीबाईंनाही माहीत असते.

तिसरा आक्षेप आम्हांला सर्वाधिक दुःख देतो. हा अभ्यास म्हणे धर्मापासून तोडतो! शुभवर्तमान उघडून पाहावे. प्रभू येशू नाझरेथचा आहे असे ऐकताच, त्या गावातून काही चांगले निघू शकते काय, अशी शंका नथनेलने घेतली. नथनेल दुष्ट नव्हता. त्याच्या ठायी कपट नसल्याची ग्वाही खुद्द प्रभूने दिली आहे. तरीही गावाचे नाव ऐकून माणसाची किंमत ठरविण्याची सवय त्याच्या जिभेवर होती. निष्कपट मनातही रूढ समज सुखाने नांदू शकतो, हे या प्रसंगात आम्हांला फार महत्त्वाचे वाटते. फिलिपने त्याच्याशी वाद घातला नाही. प्रत्यक्ष येऊन पाहण्यास सांगितले. चांगला अभ्यासक्रम एवढेच करतो.

ख्रिस्तसभेनेही हा पाठ सहज गिरविलेला नाही. गुलामगिरीत जन्मलेल्या ऑगस्टस टॉल्टन यांना धर्मगुरू व्हावयाचे होते, तेव्हा अमेरिकेतील एकाही सेमिनरीने त्यांना प्रवेश दिला नाही. ते रोमला शिकले, १८८६ साली तेथेच त्यांना गुरुदीक्षा मिळाली. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना आदरणीय म्हणून घोषित केले. ज्यांना दारात उभे केले नाही त्यांच्यापुढे आज आपण प्रार्थनेसाठी हात जोडतो.

येथे आम्हांला आमचेही काही निवेदन केले पाहिजे. आम्ही गुरुविद्यालयात असताना पुण्यात शिकणारे आफ्रिकन विद्यार्थी एका चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला येत. चर्च भरलेले असले तरी त्यांच्या बाकावर एक-दोन जागा रिकाम्या राहत. लोक मागे उभे राहत, पण तेथे बसत नसत. आम्ही ते अनेक रविवार पाहिले. आम्हीही तेथे जाऊन बसलो नाही, आणि ही गोष्ट प्रायश्चित्तात सांगण्यासारखी आहे असे आम्हांला तेव्हा वाटलेही नाही. धर्मज्ञान शिकत होतो. डोळे मात्र शिकले नव्हते. तसा एखादा अभ्यास आम्हांला त्या वयात मिळाला असता, तर आम्ही बरे धर्मगुरू झालो असतो.

रिकाम्या बाकापासून हातात दगड घेण्यापर्यंतचे अंतर वाटते तेवढे मोठे नसते. २०१३ साली गोव्यात एका नायजेरियन युवकाच्या खुनानंतर क्षोभ उसळला, तेव्हा राज्याच्या एका मंत्र्यांनी नायजेरियन लोकांना कर्करोगाची उपमा दिली. २०१७ च्या मार्चमध्ये दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे अफवांवरून जमावाने आफ्रिकन विद्यार्थ्यांना मारहाण केली. तीही कोणाची तरी मुले होती. त्यांच्याही बापांनी कदाचित जमिनीचा तुकडा विकला असेल.

आणि रूढ समजाचा चटका आपल्याला अपरिचित आहे काय? 'बॉबी' (१९७३) मधला ब्रागांझा असो की 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधला दारूचा गुत्ता चालविणारा अँथनी असो, हिंदी चित्रपटातला ख्रिस्ती माणूस बाटलीपासून फार दूर नसतो. शेजाऱ्यांनी त्यावरून केलेली थट्टा आपल्यापैकी कित्येकांनी शाळेत सोसली आहे. आपल्याला जे टोचले ते दुसऱ्याला टोचू नये, एवढे तरी त्यातून शिकावयास हवे होते.

मुलीलाही आम्ही काही सांगितले, ते पालकांनी ऐकावे. नवे ज्ञान मिळाले की माणूस प्रथम न्यायाधीश होतो. काकांना 'वंशवादी' अशी चिठ्ठी चिकटवून मोकळे होणे, हाही एक रूढ समजच झाला. मार्टिन ल्यूथर किंग १९५९ साली भारतात आले असताना त्रिवेंद्रमच्या एका शाळेत त्यांची ओळख अमेरिकेतील अस्पृश्य बांधव अशी करून देण्यात आली. आपल्याला प्रथम धक्का बसला, राग आला, असे त्यांनी १९६५ च्या एका प्रवचनात सांगितले. मग विचार केल्यावर ते खरे असल्याचे त्यांना उमगले. किंगसारख्या पुरुषालाही स्वतःचे स्थान ओळखावयास एक क्षण लागला. काकांना दोन-चार नाताळ लागले, तर तिने धीर सोडू नये. आणि पुढच्या वेळी पानावरून उठू नये, बसून बोलावे.

वडिलांना आम्ही म्हणालो, "तुम्ही जमीन विकून तिच्यासाठी जे विकत घेतले, त्यात हेही आले. केवळ नोकरी देणारी विद्या हवी होती, तर ती अर्धीच विद्या होती." ते काही बोलले नाहीत. निघताना मात्र त्या २७२ जणांची हकीकत त्यांनी पुन्हा एकदा विचारून घेतली.

उपवासकाळ येईल, तेव्हा आपण मांस वर्ज्य करू. त्याबरोबर प्रत्येक घराने एक शब्द वर्ज्य करावा, अशी आमची नम्र विनंती आहे. काळा, आदिवासी, भय्या, घाटी, ज्याच्या घरात जो शब्द माणसाऐवजी वापरला जात असेल तो. आणि परदेशी शिकणारे आपले मूल सुट्टीत घरी येऊन काही टोचणारे बोलले, तर त्याला गप्प करू नये. त्याला पुढे बोलू द्यावे.