व्ह्यू आपला, धास्ती त्यांची

परवा एकदाचा रिलीज आटोपला आणि शनिवारी पहाटे मुंबईहून महाबळेश्वरला निघालो. दर वेळी पोलादपूरला चहा मारायचा आणि थेट आंबेनळी घाट चढायचा. या वेळी मात्र गाडी आधी उमरठला वळवली. तानाजी मालुसऱ्यांचं गाव! समाधीचं दर्शन घेतलं, मग गावातून पायी हिंडलो. बरीच घरं कुलूपबंद...

ओटीवर बसलेल्या आजी म्हणाल्या, "सगळी मुंबईला. गणपतीत येतील."

मी डोंगराचे फोटो काढत होतो. त्या म्हणाल्या, "पावसात रातभर ह्याच डोंगराकडं बघत बसतो, बाबा."

कॅमेरा खाली घेतला. २२ जुलै २०२१ ला शेजारच्या महाड तालुक्यात तळियेवर दरड कोसळली, ८० हून जास्त माणसं गेली. त्याच पावसात पोलादपुरातल्या केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडीने बळी घेतले.

आपल्या जाण्याने दरड थांबणार नाही, कबूल. पण अशा गावांचा 'पॉइंट' करू नका, मंडळी. रात्रभर राहा, घरचं जेवा, पैसे नीट मोजा, त्यांचं ऐका. गावातच चार पैसे मिळाले, तर एखादं कुलूप गणपतीआधीही उघडेल.

पटतंय का?