आजी बसणार कुठं?

काचीगुड्याचं भाड्याचं घर सोडून दिवाळीनंतर आम्ही मियापूरच्या आमच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये जाणार आहोत. दोन बेडरूम, एक हॉल आणि माणसं पाच: आई-बाबा, आजी, धाकटा भाऊ आणि मी. गेल्या महिन्यात इंटीरियर डिझायनरनं फोनवर थ्री-डी चित्रं पाठवली. वर लिहिलं होतं, 'स्कँडिनेव्हियन थीम'. पांढऱ्या भिंती, फिकट लाकूड, राखाडी सोफा, कोपऱ्यात कुंडीतलं एकच झाड. सगळे खूश, मीसुद्धा. आजीनं चष्मा पुसला, एकेक चित्र नीट पाहिलं आणि म्हणाली, "छान आहे गं. पण मी बसायचं कुठं?"

आम्ही हसलो. नंतर लक्षात आलं की उत्तर कुणाकडेच नाही. सोफा इतका बुटका आणि खोल की गुडघे दुखणाऱ्या बाईला त्यातून उठता येणार नाही. ओपन किचनच्या ओट्याला उंच स्टुलं, त्यावर आजी चढणार नाही. आत्ता ती स्वयंपाकघराच्या दाराशी हाताच्या लाकडी खुर्चीत बसते. तिथूनच भाजी निवडते, आईशी बोलते, दारावर कोण आलं ते बघते. चित्रात ती खुर्ची नव्हतीच.

मग मी या शैलीबद्दल वाचायला घेतलं, आणि गंमत अशी की तिथल्या लोकांनी सुरुवात आजीच्याच प्रश्नापासून केली होती. 1899 साली स्वीडनमध्ये दोन पुस्तकं निघाली. एक एलेन केय या लेखिकेचं. सुंदर घर ही श्रीमंतांची मिरासदारी नाही, कामगाराच्या घरातल्या रोजच्या वस्तूही देखण्या आणि उपयोगी असाव्यात, असं तिचं म्हणणं. दुसरं चित्रकार कार्ल लार्सनचं, सुंडबॉर्न गावातल्या स्वतःच्या घराच्या चित्रांचं. त्या घराची बरीचशी मांडणी, विणकाम, फर्निचरची कल्पना त्याची बायको कारिन हिची. ही चित्रं मी पाहिली तेव्हा चक्रावलेच. लाल, हिरवा, निळा, पिवळा असे ठसठशीत रंग, आणि जिकडे तिकडे मुलं. आपण ज्याला स्कँडिनेव्हियन म्हणतो, त्याच्या मुळाशी असलेलं हे घर पांढरंफटक मुळीच नाही!

पुढची गोष्ट मला जास्त आवडली. 1944 साली स्वीडनमध्ये घरकामावर संशोधन करणारी एक संस्था निघाली. बाई स्वयंपाकघरात किती चालते, किती वाकते, ओटा किती उंच हवा, हे तिथं मोजून पाहिलं आणि त्यावरून स्वयंपाकघराची मापं सुचवली. डेन्मार्कमध्ये बोर्ग मोगेन्सेननं ग्राहकांच्या सहकारी संस्थेसाठी 1947 मध्ये साधी लाकडी खुर्ची केली. तिची बैठक कागदी दोरीनं विणलेली, आपल्या बाजेची आठवण करून देणारी. सामान्य घराला परवडावी म्हणून केलेली ती खुर्ची होती. आपल्याकडे मात्र तीच शैली 'प्रीमियम पॅकेज' म्हणून येते आणि कोटेशन बघून बाबा दोन दिवस गप्प असतात.

पांढऱ्या भिंतींचंही कारण आहे. डिसेंबरात स्टॉकहोमला दिवस जेमतेम सहा तासांचा, दुपारी तीनच्या आत सूर्य मावळतो. मिळेल तो उजेड भिंतींवरून खेळवायचा, म्हणून फिकट रंग आणि खिडकीला नावापुरता पडदा. आमच्या नव्या हॉलची खिडकी पश्चिमेला आहे. एप्रिल-मेमध्ये हैदराबादचा पारा चाळिशी गाठतो. त्यांना सूर्य घरात ओढून आणायचा होता, आपल्याला तो खिडकीबाहेरच थोपवायचा आहे. काचीगुड्याच्या घरात त्यासाठी वाळ्याचा पडदा होता. चित्रात तिथं पांढरी झिरझिरीत जाळी आहे. लाकडाचंही तसंच. त्यांच्या जंगलात बर्च आणि पाइन उगवतं, म्हणून त्यांचं फर्निचर फिकट. आपण प्लायवूडवर बर्चच्या रेषांचं छापील लॅमिनेट चिकटवतो.

याचा अर्थ परदेशी ते वाईट, असं मला म्हणायचं नाही. 2018 च्या ऑगस्टमध्ये आयकियाचं भारतातलं पहिलं दुकान आपल्याच शहरात उघडलं. आम्हीही गेलो, बिर्याणी खाल्ली, भावासाठी दिवा घेतला. कमी सामान, भिंतीला लागून कपाटं, केर काढायला मोकळी जमीन, हे सगळं पाच माणसांच्या छोट्या फ्लॅटला फार उपयोगी आहे. ते जरूर घ्यावं. माझी मैत्रीण म्हणते, "अगं, स्टाइल म्हणजे स्टाइल, त्यात इतिहास कशाला काढतेस?" पण इतिहास सोडला की हातात फक्त रंग उरतो. या लोकांनी आधी घरातली माणसं मोजली, मग वस्तू केल्या. आपण वस्तू आधी ठरवतो आणि माणसांना सांगतो, ॲडजस्ट करा. ॲडजस्ट कोण करतं? ज्यांचा घरात आवाज लहान ते. आजी करते. स्वयंपाकघरात उभी राहणारी आई करते. तिच्या उंचीला ओटा किती हवा, हे आमच्या डिझायनरनं एकदाही विचारलं नव्हतं.

म्हणून आम्ही चित्रं परत पाठवली, सोबत एक यादी जोडून. आजीची खुर्ची ओट्याजवळ, तिला स्टुलांच्या जागेवर बसवा. ओट्याची उंची आईला उभी करून मोजा. हॉलच्या खिडकीला वाळ्याचा पडदा. सोफा एकच, पण उंच बैठकीचा, आणि उरलेल्या जागेत वरंगळची लाल-निळी सतरंजी, कारण पाहुणे आले की आम्ही जमिनीवरच पंगत मांडतो. भावाचा अभ्यासाचा टेबल टीव्हीपासून लांब.

डिझायनरचा फोन आला, "मॅडम, मग थीम राहणार नाही." बाबा अजून विचारात आहेत, त्यांना ती पांढरी चित्रं मनापासून आवडली आहेत. आजीनं मात्र त्यांना सांगून टाकलंय, "माझी खुर्ची पांढरी रंगवलीत तरी चालेल. पण ती तिथंच पाहिजे."