मेल आला नाही? दर वेळी स्पॅम फोल्डरच बघायचं का?

फॉर्म भरायचा शेवटचा दिवस, पासवर्ड विसरलेला आणि रिसेट लिंकचा मेल काही केल्या येत नाही. हेल्पलाइनचं उत्तर ठरलेलं असतं: ‘स्पॅम फोल्डर बघा.’ पण कित्येकदा मेल तिथेही नसतो, कारण तो तुमच्यापर्यंत पोहोचलेलाच नसतो.

मध्यंतरी एका क्लासच्या पोर्टलवर मी काम करत होतो. मुलांना रिसेटचे मेल मिळेनात. कोड तोच, मेलचा पासवर्डही बरोबर. बदल एकच: ॲप नव्या सर्व्हरवर डॉकर कंटेनरमध्ये हलवलं होतं. लॉग उघडला तर ओळीमागून ओळ एरर ५०४. मेल सर्व्हर म्हणत होता, ‘पूर्ण होस्टनेम सांगा.’

भानगड काय होती?

मेल देण्याआधी पाठवणारं सॉफ्टवेअर समोरच्या सर्व्हरला स्वतःचं नाव सांगतं. १९८२ पासूनची ही रीत. तेव्हा कमांड ‘हेलो’ होती, आता ‘एहलो’ आहे. नाव पूर्ण हवं, म्हणजे डोमेनसकट. आमचं ॲप मात्र डॉकरनं आपोआप दिलेलं बारा अक्षरांचं नाव सांगत होतं. काही सॉफ्टवेअर नुसतं ‘लोकलहोस्ट’ सांगतात. दार वाजवल्यावर आतून ‘कोण?’ विचारावं आणि बाहेरच्यानं ‘मी’ म्हणावं, तसं हे. दार कोण उघडेल?

आता हे जास्त का जाणवतं?

कारण पहारा कडक झालाय. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलनं मेल पाठवणाऱ्या प्रत्येकासाठी नियम घट्ट केले. पाठवणाऱ्या आयपीवरून होस्टनेम सापडलं पाहिजे आणि त्या होस्टनेमवरून परत तोच आयपी मिळाला पाहिजे. शिवाय एसपीएफ किंवा डीकेआयएम हवंच. रोज ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना ही दोन्ही आणि वर डीमार्क लागतं. मे २०२५ पासून आउटलुकनंही मोठ्या सेंडर्सना ही तिन्ही बंधनकारक केली. स्पॅम रोखायला हे हवंच होतं. पण मोठ्या कंपन्यांकडे हे बघायला वेगळी टीम असते, छोट्या संस्थेचं सॉफ्टवेअर मात्र कुणीतरी एकदा बसवून गेलेलं असतं.

दुरुस्ती कशी करायची?

१. सॉफ्टवेअरला स्वतःचं पूर्ण नाव द्या, उदाहरणार्थ ‘मेल.तुमचंडोमेन.इन’. पोस्टफिक्समध्ये ‘मायहोस्टनेम’, नोडमेलरमध्ये ‘नेम’, जावामेलमध्ये ‘मेल.एसएमटीपी.लोकलहोस्ट’ हे सेटिंग बघा. आमचं काम या एका ओळीत झालं.

२. मेल सर्व्हर स्वतःचा असेल तर डीएनएसमध्ये त्या नावाचा ए रेकॉर्ड आणि आयपीचा पीटीआर रेकॉर्ड लावा. पीटीआर बहुधा डोमेन विकणाऱ्याकडे नाही, सर्व्हर देणाऱ्याकडे लावावा लागतो. इथेच बरेच जण फसतात.

३. स्वतःच्या जीमेलवर टेस्ट मेल पाठवा. कॉम्प्युटरवर तो उघडून ‘मूळ मेसेज दाखवा’ निवडा. ‘रिसीव्ह्ड’च्या ओळींत तुमच्या सर्व्हरनं सांगितलेलं नाव दिसेल.

आणि तुम्ही नुसते युजर असाल तर? रिक्वेस्ट केल्याची नेमकी वेळ लिहून ठेवा आणि हेल्पलाइनला विचारा, ‘या वेळेचा तुमचा मेल लॉग काय सांगतो?’ आमची मुलं दोन दिवस स्पॅम फोल्डर उपसत होती. उत्तर पहिल्या मिनिटापासून आमच्याच लॉगमध्ये पडलेलं होतं.