फेरफाराने आवाज वाढतो, मोल वाढतेच असे नाही

घरातील रेडिओ, अॅम्प्लिफायर वा स्पीकरमध्ये बदल करून घेणारा ग्राहक त्यावरील खर्च विक्रीच्या वेळी वसूल होईल, असे गृहीत धरतो. बाजार मात्र हा हिशेब मानत नाही. नांदेड, लातूरसारख्या शहरांत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण तेथे अशा बदलांमागे केवळ हौस नव्हे, तर गरजही असते.

व्हॉल्व्हच्या जुन्या रेडिओचे उदाहरण घेता येईल. मर्फी, फिलिप्सचे ते संच प्रामुख्याने मध्यम लहरी व लघुलहरींसाठी घडवलेले. नांदेडचे आकाशवाणी केंद्र मात्र एफएमवर. साहजिकच त्याच लाकडी पेटीत एफएम व ब्लूटूथचे तयार सर्किट बसवण्याचा मोह होतो. संच पुन्हा बोलू लागतो. पण मूळ व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर भंगारात गेले, की संग्राहकाच्या लेखी उरते ती निव्वळ पेटी. २००५ नंतरच्या तीव्र भारनियमनात बारा व्होल्टच्या बॅटरीची जोडणी ही मोठी सोय होती. वीज नियमित मिळू लागल्यावर मात्र त्याच सोयीसाठी पाडलेले छिद्र नव्या ग्राहकाला खोट वाटते.

येथे दुरुस्ती आणि फेरफार यांतील भेद महत्त्वाचा ठरतो. कोरडे पडलेले कपॅसिटर त्याच मूल्याचे नवे घालणे किंवा वूफरचा विरलेला फोम बदलणे ही दुरुस्ती होय. त्याने वस्तूची पत टिकते. पुढच्या पट्टीला छिद्र पाडून यूएसबी बसवणे, पेटी कापणे हे कायमचे बदल; त्यांनी ती घटते.

ग्राहकही दोन प्रकारचे असतात. स्थानिक ग्राहकाला चालू संच हवा असतो, तर इंटरनेटवरून खरेदी करणाऱ्या पुण्या-मुंबईच्या संग्राहकाला मूळ संच. पहिला सोयीचे पैसे देतो, दुसरा अस्सलपणाचे.

म्हणूनच बदल करताना तो पूर्ववत करता येईल काय, हाच पहिला प्रश्न असावा. ब्लूटूथचे यंत्र आत न बसवता बाहेरून जोडता येते. काढलेले भाग आणि दुरुस्तीची पावती जपून ठेवण्यास फारसा खर्च येत नाही. विकताना मात्र तीच ग्राहकाचा विश्वास मिळवून देतात.