प्लॉट काढलात, पण वाचलात का?

‘रूट लोकस फिक्स आहे रे, तेवढा करून जा!’ कंट्रोल सिस्टीम्सच्या पेपरआधी हा सल्ला तुम्हालाही मिळाला असेल. मग नियम पाठ करायचे, असिम्प्टोट्सचे कोन काढायचे, सेमी-लॉग पेपरवर बोडे प्लॉट उतरवायचा आणि पेपर संपला की सगळं विसरायचं. दुसरीकडे, ‘मॅटलॅब एका ओळीत काढून देतं, मग हाताने कशाला?’ असं म्हणणारेही आहेत. माझ्या मते या वादात मुख्य गोष्टच राहून जाते. प्लॉट कोणी काढला यापेक्षा तो वाचता येतो का, हे महत्त्वाचं.

नायक्विस्टने 1932 मध्ये आणि इव्हान्सने 1948 मध्ये आपापल्या पद्धती मांडल्या, तेव्हा टेबलावर कॉम्प्युटर नव्हता हे खरं. पण आकडेमोड वाचवणं एवढंच त्यांचं काम नाही. सिस्टीम स्टेबल आहे की नाही, हे राऊथचा तक्ताही सांगतो. ती कड्यापासून किती लांब उभी आहे, हे प्लॉटवर दिसतं.

एक उदाहरण घ्या. ट्रान्स्फर फंक्शनच्या अंशस्थानी फक्त गेन के आहे आणि पोल 0, -1 आणि -2 वर आहेत. राऊथ सांगतो, के 6 च्या खाली ठेवा. आपण 3 ठेवला. गेन दुप्पट होईपर्यंत चिंता नाही, म्हणजे निवांत? बोडे प्लॉट बघा. फेज मार्जिन जेमतेम 20 अंश! लूपमध्ये 0.36 सेकंदांचा उशीर शिरला की सिस्टीम डोलायला लागते. गीझरचं पाणी उशिरा येतं म्हणून तुम्ही नळ आणखी सोडता आणि मग चटका बसतो ना, तोच हा प्रकार. खऱ्या यंत्रांत सेन्सर, नेटवर्क, प्रोसेसर सगळेच थोडा थोडा उशीर करतात. उद्या ड्रोन किंवा मोटर ड्राइव्ह तुमच्या हातात येईल, तेव्हा नियम क्रमांक सात कोणी विचारणार नाही.

म्हणून शिक्षकांना विनंती, आधी दोन मिनिटांत हाताने कच्चं चित्र काढायला लावा, मग कॉम्प्युटरवर पडताळू द्या. परीक्षेत तयार प्लॉट देऊन विचारा, ‘गेन दुप्पट केला तर काय होईल? उशीर वाढला तर?’

आणि तुम्ही? पेपर तसा येईपर्यंत थांबू नका. पुढचा प्लॉट काढलात की हे दोन प्रश्न स्वतःलाच विचारा. उत्तर देता आलं, तर कंट्रोल खरंच कळलं म्हणायचं!